भायांची गाडी

चौकात गाडी थांबवली की समोरचा माणूस पहिला शब्द काय काढतो, त्यावरून तो कुठून आलाय, कुणाच्या जिवावर आलाय आणि किती घाबरलाय हे मला कळतं. ‘मॅडम’ म्हणणारा बहुतेक नोकरदार असतो. ‘ताई’ म्हणणाऱ्याला सूट पाहिजे असते. ‘अक्का’ म्हणणारा उमरग्याच्या पलीकडचा, कानडी मुलखातला, आणि तो लगेच ‘बिडरी’ म्हणतो, म्हणजे सोडा हो. खेड्यातला म्हातारा गाडी उभी करायच्या आधीच हात जोडतो. मला त्याचा राग येतो. हात कशाला जोडायचे? मी काही देव नाही, आणि त्यानं काही पाप केलेलं नसतं, हेल्मेट घातलेलं नसतं एवढंच. पांढऱ्या मोठ्या गाडीतला मात्र काच निम्मीच खाली करतो आणि गप्प बसतो. पहिला शब्द मी काढावा आणि तो ‘साहेब’ असावा, असं त्याला वाटत असतं. त्याला वाटू दे.

मी कळंबला ट्रॅफिक पोलीस आहे. नवीन होते तेव्हा माझ्या जोडीला एक जुने हवालदार दिले, ते अजूनही आहेत. माणूस मनाचा चांगला, भर उन्हात स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढं करणारा. पण जीभ बाभळीच्या फांदीसारखी. मला पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्यांची विद्या दिली. म्हणाले, ‘‘पोरी, आरं म्हणल्याबिगर माणूस ब्रेक दाबत न्हाय. तुमी म्हणलं की त्याला वाटतं, हिचंच आपल्याकडं काम हाय.’’

मी ऐकून घेतलं आणि माझंच खरं केलं. माझे वडील मेंढरं राखायचे. रस्त्यानं कळप निघाला की येणारा-जाणारा ‘ए, हाक तिकडं’ म्हणायचा. वयानं लहान असलेला म्हणायचा, वर्दीतलाही म्हणायचा. वडील माझ्यादेखत मान खाली घालून मेंढरं कडेला घ्यायचे. ते माझ्या डोक्यात बसलंय आणि मी ते काढणारही नाही. म्हणून मी सगळ्यांना तुम्ही म्हणते. तीनजण बसवून मोटारसायकल दामटणाऱ्या मिसरूड न फुटलेल्या पोरालाही तुम्ही, आणि काच निम्मी करणाऱ्यालाही तुम्हीच. माझं वाक्य ठरलेलं आहे, ‘‘नमस्कार. गाडी बाजूला घ्या. कागद दाखवा.’’ मशीनचं बटण दाबायच्या आधी मी त्या माणसाचं नाव आणि गुन्हा मोठ्यानं वाचून दाखवते, कारण पोलीस मशीनमध्ये वाट्टेल ते लिहितात असं लोकांना वाटतं. ‘आरं’ म्हटलं की माणसाला भांडायला कारण मिळतं. तुम्ही म्हटलं की तो बिचारा शोधत बसतो, आता कशावरून भांडावं. हवालदार म्हणतात, ‘‘तुझ्या दंडाला माणूस रडावं का हसावं तेच कळत न्हाय.’’ दंड होतो की नाही, तेवढं बघा म्हणते मी.

घरी मात्र ही जीभ निम्मीच चालायची. आमचं गाव कळंबपासून जवळ. घरात आम्ही दोन बिऱ्हाडं एकत्र. माझा नवरा मोंढ्यात आडत्याकडं हिशेब लिहितो. त्याचे थोरले भाऊ शेती आणि शेरडं बघतात, शिवाय घरची पिकअप तेच चालवतात. थोरल्या दिराला आमच्याकडं भाया म्हणतात, आणि भायांशी धाकट्या भावजयीनं बोलायचं नसतं. त्यांच्यासमोर बाजेवर बसायचं नाही, डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही, हातात हात लागेल असं काही द्यायचं नाही आणि त्यांचं नाव तर घ्यायचंच नाही. तेही भावजयीशी सरळ बोलत नाहीत. बोलायचं असलं तर मध्ये कुणीतरी लागतं. बहुतेक वेळा माझी जाऊ असायची. तीही नसली तर आमचे भाया भिंतीशी बोलायचे. ‘‘उद्या लाईट जाणार हाय, दळण आजच आणलं तर बरं,’’ असं ते भिंतीला सांगायचे, आणि मी दुसऱ्या भिंतीला ‘‘आणते’’ म्हणायचे.

वाचणाऱ्याला हे जुलमाचं वाटेल. मला वर्दीच्या बाहेर ते कधी फारसं टोचलं नाही, आणि त्याचं कारण भायाच आहेत. भरतीसाठी मला पळायचा सराव करायचा होता. गावात सुनेनं पहाटे रस्त्यावर पळणं म्हणजे लोकांना फुकटचा तमाशा. नवरा म्हणाला, दादाला विचारून बघू. संध्याकाळी त्यानं भायांना विचारलं. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे मी बूट घालून दारात आले तर ते शेरडं घेऊन रस्त्याला लागलेले. शेरडांना त्या वेळी कोण चारायला काढतं? मी पळत पुढं जायचे, परत यायचे, ते तसेच मागून काठी टेकत चालत असायचे. तो सगळा हिवाळा त्यांनी शेरडं अर्धवट झोपेतून उठवली. आमच्यात एक शब्द झाला नाही. माझ्या सख्ख्या भावानं माझ्यासाठी एवढं केलं नसतं, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

तर त्या भायांची गाडी मी अडवली.

पुतणीच्या पोराचं जावळ होतं. कुलदैवताला जायचं, बोकड कापायचा, जेवण करायचं, असा बेत. मला सुट्टी मिळाली नाही. बाजाराचा दिवस होता, आणि बाजाराच्या दिवशी कळंबच्या चौकात मुंगीला शिरायला जागा नसते. सकाळी निघताना जाऊ म्हणाली होती, ‘‘आमी दुपारच्या आत जातो. तू परसादाला ये.’’ कसं जाणार हे मी विचारलं नाही. पाहुणे काळीपिवळी जीप करणार होते, एवढंच कानावर आलं होतं.

सकाळीच मी सोयाबीन काढायला निघालेल्या बायांनी भरलेली एक पिकअप धरली. मागच्या हौद्यात बाया उभ्या, दोघी फळक्यावर बसलेल्या, खड्डा लागला की सगळ्या एका अंगाला. अशा गाडीतून माणसं कशी रस्त्यावर सांडतात, ते मी एकदा बघितलंय. त्याचं वर्णन मी करणार नाही. पण तेव्हापासून मालाच्या गाडीत माणूस दिसला की मी कुणाचं ऐकत नाही. बाया उतरवल्या, दंड केला. ड्रायव्हर शेजारच्या वाशी तालुक्यातला कुणीतरी होता. तो गाडी कडेला लावून, तोंड एवढंसं करून, बायांसाठी दुसऱ्या वाहनाची वाट बघत, माझ्यावर नजर ठेवून उभा राहिला. हवालदारांनी त्याला दोनदा हाकललं, तो हलला नाही.

तेवढ्यात आमची पिकअप चौकात शिरली.

मी ती लांबूनच ओळखली. पुढच्या काचेवर लिंबू-मिरची, एका बाजूचा आरसा वाकडा. मागं हौद्यात आमचं निम्मं घर. जाऊ उभी, तिच्या कडेवर जावळाचं पोरगं नवं टोपडं घालून. पाहुण्यांच्या बाया, दोन भगुनी, आणि बायांच्या मध्ये बांधलेला बोकड. बाया माझ्याकडं बघून हात हलवत होत्या. जाऊ तर ‘‘ती बघ धाकली आजी’’ म्हणून पोराला दाखवत होती. डोक्यावर पांढरी टोपी घातलेले भाया समोर बघून सरळ गाडी हाणत होते. वेग कमी करायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

कडेच्या ड्रायव्हरनं तोंड उघडलं. ‘‘म्याडम, ह्यांना बी उतरवता का ही दुसऱ्या कायद्याची गाडी हाय?’’

त्याला आमचं नातं माहीत नव्हतं. त्यानं फक्त बायांचे हात बघितले होते, आणि तेवढं पुरेसं होतं. आसपासचे रिक्षावाले, भाजीवाल्या, चहाच्या गाड्याजवळची माणसं, सगळ्यांच्या माना वळल्या. आपला तो बाब्या, हे कळंबच्या चौकाला समजावून सांगावं लागत नाही.

मी शिट्टी वाजवली. भायांनी गाडी थांबवली, पण माझ्यामुळं नाही. हवालदार आडवे गेले होते. त्यांनाही आमचं घर ओळखीचं नव्हतं. त्यांनी बोनेटवर हात आपटला आणि नेहमीची विद्या सुरू केली. ‘‘ए टोपी, उतर खाली. जनावरं भरलीस का माणसं? आं? तुला इच्यारतोय.’’

भाया उतरले नाहीत. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि नजर त्या स्टिअरिंगवरच ठेवली. मागच्या बायांचे हात खाली आले. हौद्यात लेकी-सुना, पाहुण्यांच्या बाया, आणि पुढं एक माणूस त्यांच्या घरच्या कर्त्याला ‘ए टोपी’ म्हणतोय. हवालदारांचा राग आला, भायांचाही आला. अशी गाडी भरून चौकातून जायला त्यांना कुणी सांगितलं होतं?

पण राग करत बसायला वेळ नव्हता. गाडी जाऊ दिली असती तर तो सकाळचा ड्रायव्हर गावोगाव सांगत फिरला असता, आणि खरंच सांगितलं असतं. त्या दिवसानंतर माझ्या ‘तुम्ही’ला कुणी भीक घातली नसती. काम हवालदारांवर सोपवलं असतं तर दंड झाला असता, पण ‘आरं-कारं’ ऐकत झाला असता. आणि मी केला असता तर मला भायांशी बोलावं लागलं असतं.

मी हवालदारांना म्हटलं, ‘‘साहेब, थांबा. ही गाडी मी बघते.’’

खिडकीपाशी गेले. माझा हात आपोआप पदराकडं गेला, आणि हाताला वर्दीची टोपी लागली. आधी मी नेहमीच्या वाटेनंच गेले. मागं बघून जावेला म्हटलं, ‘‘जाऊबाई, सांगा त्यांना, कागद द्या म्हणावं.’’

जावेनं तोंडाला पदर लावला. भायांनी स्टिअरिंगला विचारलं, ‘‘काय म्हणती?’’

चहाच्या गाड्याजवळ कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं हसलं. मला आत्तापर्यंत चौकात कुणी हसलं नव्हतं. शिव्या मिळाल्या होत्या, धमक्या मिळाल्या होत्या, त्यांचं काही वाटत नाही. पण ह्या हसण्यात भायाही सापडले होते. त्यांच्या कानाची पाळी लाल झाली होती.

मग मी त्यांच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांचा चेहरा मी असा समोरून कधी बघितला नव्हता. भुवया पार पांढऱ्या झाल्या होत्या आणि मला ते माहीत नव्हतं. मी माझं वाक्य म्हटलं, सगळ्यांना म्हणते तेच, तितक्याच आवाजात. ‘‘नमस्कार. गाडी बाजूला घ्या. मालाच्या गाडीत माणसं बसवता येत नाहीत. कागद दाखवा.’’

हसणं थांबलं. भायांनी गाडी सुरू करून ती कडेला घेतली, अगदी नीट, चाकं पांढऱ्या पट्टीच्या आत. खाली उतरले. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लायसन्स काढलं. माझ्या हातात दिलं नाही, बोनेटवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरले. मी ते बोनेटवरून उचललं. चौकातल्या लोकांना ही काय तऱ्हा, ते कळलं नसणार. आम्हा दोघांना कळत होतं. बोलणं मोडलं होतं, तरी उरलेली रीत ते पाळत होते आणि मीही पाळत होते.

मशीनमध्ये सगळं भरलं. आता नाव वाचून दाखवायचं होतं. टाळता आलं असतं, मशीनला काही नाव ऐकायचं नसतं. पण सकाळी त्या दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव मी चारचौघांत वाचलं होतं आणि तो ऐकत उभा होता. मी भायांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. मागं हौद्यात पाहुण्यांपैकी एक म्हातारी ‘‘अगं बया’’ म्हणाली. मी गुन्हा वाचला आणि बटण दाबलं. ‘‘तुमचं काही म्हणणं आहे का?’’ हेही विचारलं, कारण तेही मी सगळ्यांना विचारते.

भायांनी नकारार्थी मान हलवली.

बाया एकेक करून उतरल्या. कुणी हात हलवले नाहीत. पोरगं रडायला लागलं, बोकड एकटाच हौद्यात ऐसपैस उभा राहिला. हवालदारांच्या एव्हाना आमचं नातं लक्षात आलं होतं. त्यांनी स्वतः पलीकडची एक जीप थांबवली, बायांना बसवलं, आणि भायांजवळ जाऊन काहीतरी पुटपुटले. भायांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. रिकामी गाडी आणि बोकड घेऊन ते निघून गेले. सकाळचा ड्रायव्हर मात्र माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता काही चांगलं बोलेल. तो म्हणाला, ‘‘आमच्या बायांना बी जीप थांबवून द्यायची व्हती की.’’ त्याचंही बरोबर होतं. त्या दिवसापासून आम्ही उतरवलेल्या बायांसाठी दुसरं वाहन बघून देतो.

प्रसादाला मी गेले नाही. संध्याकाळी घरी आले तर जाऊ चुलीपुढं भाकरी थापत होती. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, ‘‘जीपवाल्यानं ऐन वक्ताला दगा दिला. हे म्हणत व्हते, बाहीरच्या वाटंनं जाऊ. म्याच म्हणलं, चौकातून चला. ती तुमच्यासंगं बोलतच न्हाय, तर अडवल कशी?’’

मी कपाळाला हात लावला. घरच्या रीतीचा असा वाहतूक परवाना कुणी काढला असेल असं मला वाटलं नव्हतं. हसू आलं आणि तिच्या अंगावर ओरडावंसंही वाटलं. नवरा म्हणाला, ‘‘दंडाचं काही नाही गं. पण हवालदाराला करू द्यायचा होतास.’’ मी त्याला म्हटलं, ‘‘तो दादांना ए टोपी म्हणत होता, भर चौकात. ते चाललं असतं का तुला?’’ मला वाईट वाटत होतं, पण तीच वेळ पुन्हा आली असती तर मी तेच केलं असतं, हेही मी त्याला सांगून टाकलं.

भायांनी त्यानंतर बोलणं बंद केलं. पूर्वी निदान भिंतीशी बोलायचे, आता तेही नाही. मी अंगणात आले की ते उठून गोठ्याकडं जायचे. लाईट कधी जाणार हे मला शेजाऱ्यांकडून कळायला लागलं. जेवताना ताट मी पुढं ठेवलं तर जेवायचे, पण मीठ कमी पडलं तर तसंच खायचे. रागवले असते तर मला चाललं असतं. चौकात रोज रागावलेली माणसं बघते मी, त्यांचं काय करायचं ते येतं मला. ह्या गप्पपणाचं काय करायचं ते येत नव्हतं. जिथं तिथं मी हिमतीनं वावरते, पण त्या दिवसांत घराच्या उंबऱ्यापाशी माझा पाय अडखळायचा. ह्या माणसाला मी कायमचं गमावलं असं वाटायचं.

सोयाबीन मोंढ्यात गेलं, ज्वारी पेरून झाली. एका दुपारी मी चौकात असताना फोन वाजला. पडद्यावर ‘भाया’ असं नाव. तो नंबर अडीअडचणीला म्हणून माझ्याकडं होता, पण त्यावरून मला कधी फोन आला नव्हता. घरात कुणाचं तरी काहीतरी झालं, हाच पहिला विचार. मी गर्दीतून बाजूला होऊन फोन कानाला लावला.

‘‘म्या बोलतोय,’’ भाया म्हणाले.

‘‘बोला,’’ मी म्हटलं. मध्ये जाऊ नव्हती, भिंतही नव्हती.

‘‘वाशीला आलोय, शेरडं घिऊन. अडवलंय इथं. मागचा लाईट बंद हाय म्हणायलेत.’’

‘‘बरं.’’

‘‘पोरगंच हाय पोलिस. ए म्हाताऱ्या, ए म्हाताऱ्या करायलंय.’’

आता ते फोन त्या पोलिसाकडं देतील आणि मी दोन शब्द बोलावेत, असंच मला वाटलं. सगळे तसंच करतात. माझाही पारा चढला होता. मी म्हटलं, ‘‘द्या त्यांच्याकडं.’’

‘‘न्हाय, न्हाय,’’ ते घाईनं म्हणाले. ‘‘त्याच्यासाठी न्हाय केला फोन. लाईट बंद हाय, दंड भरतो म्या.’’ मागं शेरडं ओरडत होती. ‘‘म्या त्याला म्हणलं, आमच्या घरात बी पोलिस हाय. तिनं मला भर बाजारात दंड लावला, पर तुमी म्हणून लावला. तू बी तुमी म्हण, नाव वाचून दाव आन् मग मशीन दाब.’’

मी फोन कानाला आणखी घट्ट धरला. विचारलं, ‘‘मग?’’

‘‘म्हणला की,’’ भाया म्हणाले. ‘‘आता नाव वाचायलाय माझं.’’